नवी प्रजाती ठरते कशी? मिरिड ढेकणांच्या निमित्ताने

वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात कधी ना कधी "सह्याद्रीत नवी प्रजाती सापडली" असा मथळा येतो, आणि बातमी वाचली की लक्षात येते की सापडली आहे ती जाती. हा फरक शब्दांचा कीस काढण्यासाठी सांगत नाही. मराठी परिभाषेत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे आणि शाळेच्या पुस्तकातही ती याच क्रमाने दिलेली असते. जाती म्हणजे आपसांत वीण होऊन वंश चालवणाऱ्या जिवांचा समूह; प्रजाती म्हणजे जवळचे नाते असलेल्या जातींचा गट. जाती रानात सापडू शकते. प्रजाती मात्र कुणाला झाडावर बसलेली सापडत नाही. ती पुराव्यानिशी मांडावी लागते, आणि मांडणाऱ्याला त्या नात्याचा पुरावा द्यावा लागतो. ही मांडणी कशी होते, ते मिरिड या नावाच्या ढेकणांच्या कुलावरून समजावून घेऊ.

त्याआधी नागपूरकरांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. संत्रा, मोसंबी, पपनस आणि कागदी लिंबू ही सगळी सिट्रस या एकाच प्रजातीतली फळझाडे आहेत. बेल आणि कवठ यांचे कुलही तेच आहे, रुटेसी. कढीपत्ताही त्याच कुलातला. तरीही बेलाची प्रजाती एगल आणि कवठाची लिमोनिया. असे का, ते एक पान हातात घेतले की कळू लागते. संत्र्याचे पान एकटे दिसते, पण देठ आणि पाते जिथे मिळतात तिथे एक बारीक सांधा असतो. नखाने दाबले तर पाते नेमके तिथेच तुटते. बेलाचे पान त्रिदल, कवठाचे पाच-सात पर्णिकांचे. वास काढून पाहिला तर तिन्हींच्या पानांत सुगंधी तेलाचे ठिपके आहेत, म्हणून कुल एक; पण पानांची आणि फळांची घडण पाहिली की संत्रा, लिंबू आणि मोसंबी एका बाजूला जातात व बेल, कवठ वेगळे राहतात. विदर्भातला बागायतदार संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरतो आणि तो जीव धरतो, हेही त्या जवळच्या नात्याचेच फळ आहे, कारण जंभेरीसुद्धा सिट्रसच आहे.

आता ढेकणांकडे वळू. मराठीत ढेकूण म्हटले की खाटेतला ढेकूण आठवतो, पण शेतकरी हा शब्द बराच सैल वापरतो. कपाशीवरचा लाल ढेकूण, करडा ढेकूण, पिठ्या ढेकूण ही सगळी अर्धपंखी गणातली मंडळी असली तरी एकमेकांची जवळची नव्हेत. पिठ्या ढेकूण तर मावा आणि तुडतुड्यांच्या बाजूचा आहे. मिरिड हे खऱ्या ढेकणांतले सर्वांत मोठे कुल. त्याच्या ११ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे आणि अजून कितीतरी जाती नावाविना आहेत. कोकणात काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर येणारा ढेकण्या, ज्याला टी मॉस्किटो बग म्हणतात आणि ज्याच्या पाठीवर गुंडी असलेली टाचणी उभी टोचल्यासारखी दिसते, तो मिरिडच. पूर्व विदर्भातल्या भाताच्या बांधीत तुडतुड्यांची अंडी शोषून खाणारा हिरवा मिरिड मात्र शेतकऱ्याचा मित्र आहे. एकाच कुलात पिकाचा शत्रू आणि पिकाचा राखणदार, दोघेही आहेत.

मिरिड ओळखायचा कसा? बहुतेकांची लांबी एक सेंटिमीटरपेक्षा कमी, कितीतरी तर तिळाच्या दाण्यापेक्षा फार मोठे नसतात, त्यामुळे किमान हातभिंग हवेच. पुढच्या पंखाचा बुडखा चामड्यासारखा जाड आणि टोक पातळ पडद्याचे, ही अर्ध्या पंखाची ठेवण सगळ्याच खऱ्या ढेकणांत दिसते. मिरिडात जाड भागाच्या शेवटी, कडेला, एक छोटा त्रिकोणी तुकडा वेगळा झालेला असतो. त्याला लॅटिनमध्ये क्युनियस म्हणतात, म्हणजे चक्क पाचर. सुताराने लाकडात ठोकलेल्या पाचरेसारखाच तो दिसतो, आणि त्याच्या पुढच्या रेघेवर पंख खाली मोडल्यासारखा वाकलेला असतो. मागच्या पडद्यावर एक किंवा दोन बंद कप्पे दिसतात. डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये इतर अनेक ढेकणांना असणारे साधे नेत्र बहुतेक मिरिडांना नसतात. एकाच उपकुलात ते सापडतात. एवढे जुळले की कुल नक्की झाले असे समजावे.

समजा, ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी नागपुरातल्या सेमिनरी हिल्स या टेकडीच्या उतारावर फुलावर आलेल्या बाभळीच्या फांदीखाली पांढरी चादर धरली आणि फांदीला काठीने दोन ठोके दिले. चादरीवर पिवळी फुले, काटे, मुंग्या, कोळी आणि चार-पाच फिकट हिरवे ठिपके पडतात. ठिपके क्षणभर निश्चल राहतात आणि मग इतक्या वेगाने पळतात की बोटाने पकडायला गेले तर पाय नाही तर शृंगिका तुटून हातात येते. म्हणून तोंडाने हवा ओढून किडा कुपीत घेण्याची नळी वापरतात. मी सुरुवातीला घाईने सगळे नमुने अल्कोहोलमध्ये टाकले होते; काही दिवसांत हिरवा रंग उडाला आणि अंगावरची लव चिकटून बसली. मिरिडांत लवेचा प्रकार, म्हणजे साधे केस, की खवल्यांसारखे चपटे चमकदार केस, हा प्रजाती ठरवताना मोलाचा पुरावा असतो. तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता. तेव्हापासून काही नमुने कोरडेच ठेवतो आणि कागदाच्या टोकदार त्रिकोणावर चिकटवून टाचणीला लावतो.

चिठ्ठी हा या कामाचा अर्धा जीव आहे. नुसते "नागपूर" लिहिलेली चिठ्ठी जवळजवळ निरुपयोगी. नेमकी जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि झाड, इतके तरी हवे. झाडाबाबत एक बारकावा असा की प्रौढ किडा झाडावर सापडला म्हणजे ते त्याचे पोषक झाड ठरत नाही. तो उडून येऊन विसाव्याला बसलेला असू शकतो. पंख न फुटलेली पिल्ले त्याच झाडावर मिळाली तर मात्र बोलायला जागा आहे, कारण मिरिडाची मादी अंडी कोवळ्या पेशींच्या आत खुपसते आणि पिल्ले तिथेच पाच अवस्थांतून वाढतात. दिव्यावर आलेल्या किड्याबद्दल तर झाडाचा प्रश्नच सुटत नाही.

मग सुरू होते ओळख पटवणे. मिरिडांची उपकुले सात-आठ आहेत आणि ती ठरवण्याची पहिली खूण आश्चर्य वाटावे इतकी लहान आहे: पायाच्या टोकावरच्या दोन नखांमधली जागा. तिथून निघणारे दोन अवयव काही उपकुलांत केसासारखे बारीक असतात, काहींत मांसल पात्यांसारखे. मांसल पाती टोकाशी एकमेकांपासून फाकलेली असली तर मिरिनी, टोकाशी एकमेकींकडे वळलेली असली तर ऑर्थोटिलिनी, आणि केसासारखी असली तर बहुधा फायलिनी किंवा डेरिओकोरिनी. किड्याचे नख आधीच केसाएवढे. त्याच्या मधली ही गोष्ट पाहायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो आणि खात्रीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र लागते.

याहूनही भरवशाचा पुरावा नराच्या पोटाच्या टोकात असतो. पोट अलगद वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण १० टक्के द्रावणात गरम केले की मांस विरघळते आणि जननेंद्रियांचे कडक भाग स्वच्छ दिसू लागतात. मग ते ग्लिसरीनमध्ये ठेवून चित्र काढतात आणि इवल्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावतात, म्हणजे अवयव आणि धनी यांची ताटातूट होत नाही. मिरिडांत नराच्या जननेंद्रियाचे डावा आणि उजवा आकडा, म्हणजे हुकासारखे दोन अवयव, सारखे नसतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. फायलिनीत डावा आकडा होडीसारखा, तर आतला मुख्य अवयव एखाद्या कडक पट्टीसारखा, इंग्रजी एस किंवा सी अक्षराप्रमाणे वळलेला. मिरिनीत तोच अवयव पडद्याचा, फुग्यासारखा फुगणारा. रंग वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतो, नुकती कात टाकलेला किडा तर भलताच फिका असतो, काही जातींत नराचे पंख लांब आणि मादीचे आखूड असतात. जुन्या काळी अशा नर-मादीला दोन वेगळ्या जाती समजण्याची चूक झालेली आहे. जननेंद्रियांची घडण इतकी चंचल नसते.

इथपर्यंतच्या खुणा घेऊन ओळखतक्त्यात शिरावे. हो असेल तर इकडे जा, नाही असेल तर तिकडे जा, अशा जोड्यांनी तक्ता पुढे नेतो. भारतीय मिरिडांसाठी ब्रिटिश अंमलातल्या प्राणिसृष्टीमालेतले डब्ल्यू. एल. डिस्टंट यांचे १९०२ ते १९१८ या काळातले खंड आजही उघडावे लागतात, आणि अडचण अशी की त्या काळच्या वर्णनांत जननेंद्रियांचा विचार नाही, पुष्कळ वर्णने रंगावर थांबतात. मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात. पूर्वी नागपूरच्या माणसाला तिथे जाणे किंवा पत्र लिहून कुणाच्या भरवशावर राहणे एवढेच उपाय होते. आता अनेक नमुन्यांची छायाचित्रे पाहायला मिळतात, पण छायाचित्रात पोटाचे टोक उघडून पाहता येत नाही.

समजा, आपल्या बाभळीवरच्या किड्याचे उपकुल ठरले, पण पुढे तो कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसेना. इथे सर्वांत मोठा मोह होतो: बसत नाही, म्हणजे नवी प्रजाती. माझ्या मते या शास्त्रातला बहुतेक गोंधळ याच उतावळेपणातून झाला आहे. वेगळेपणा हा नात्याचा पुरावा नव्हे. एखादी जाती तिच्या सख्ख्या बहिणींपेक्षा कितीही वेगळी दिसू शकते, आणि दूरच्या दोन जाती हुबेहूब दिसू शकतात. मिरिडांत मुंगीसारखे दिसणारे ढेकूण पुष्कळ आहेत: कंबर बारीक, डोके गोल, चाल लगबगीची. हे सोंग वेगवेगळ्या घराण्यांनी आपापले घेतलेले आहे, म्हणून "मुंगीसारखे दिसतात" एवढ्यावर त्यांची एक प्रजाती केली तर ती सोंगाची प्रजाती होईल, नात्याची होणार नाही.

उलट बाजूही आहे. शृंगिकेचे चार भाग दोन जातींत सारखे आहेत म्हणून त्या जवळच्या ठरत नाहीत, कारण चार भाग ही खऱ्या ढेकणांची सर्वसाधारण ठेवण आहे. ती फार जुन्या पूर्वजाकडून सगळ्यांना मिळाली. घरातल्या सगळ्यांना दोन डोळे आहेत म्हणून कुणी "अगदी आजोबांवर गेला" असे म्हणत नाही. त्या घराण्यातच आलेली एखादी हनुवटीची खळी असेल तर म्हणतो. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली हा विचार पद्धतशीर मांडला: गट ठरवायचा तो त्या गटाच्या पूर्वजात नव्याने आलेल्या आणि वंशजांत उतरलेल्या लक्षणांवर. म्हणून आज नवी प्रजाती मांडणारा अभ्यासक लक्षणांचा तक्ता करतो, शेजारच्या प्रजातींतल्या जाती त्यात घेतो, शक्य असेल तिथे डीएनएचे तुकडे जोडतो आणि नात्याचा वृक्ष काढून आपली जाती कुठे बसते ते पाहतो. डीएनएचा जो तुकडा ओळखीसाठी सर्रास वापरतात तो ६५८ अक्षरांचा. जाती वेगळी करायला तो बऱ्याचदा पुरतो, पण प्रजातींमधली जुनी नाती एकट्या त्याच्यावर सोपवू नयेत.

प्रजातीत एका पूर्वजाचे सगळे वंशज यावेत आणि दुसरे कुणी येऊ नये, ही अट ऐकायला सोपी आणि पाळायला कठीण आहे. एक चमत्कारिक दिसणारी जाती उचलून तिला स्वतंत्र प्रजाती दिली आणि नंतर कळले की ती जुन्या प्रजातीच्या ऐन मध्यातून निघालेली फांदी आहे, तर जुनी प्रजाती मोडकी उरते: चुलते एका घरात आणि पुतण्या वेगळ्या आडनावाने दुसऱ्या घरात. याचे उत्तम उदाहरण ज्या झाडाखाली आपण चादर धरली तेच आहे. बाभूळ शतकानुशतके अकेशिया निलोटिका या नावाने ओळखली गेली. पुढे दिसून आले की अकेशिया म्हणून एकत्र ठेवलेली झाडे एका घराण्याची नाहीत, म्हणून ती विभागावी लागली. प्रजातीचे नाव तिच्या प्रारूप जातीबरोबर, म्हणजे त्या नावाला कायमची बांधलेली म्हणून नेमलेल्या जातीबरोबर, राहते असा नियम आहे, आणि अकेशियाची प्रारूप जाती होती आपली बाभूळच. पण ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींची नावे बदलावी लागू नयेत म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत प्रारूप बदलण्यात आले आणि २०११ साली मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. मला स्वतःला हा निर्णय आजही बोचतो, पण प्रजातीचे नाव एका ठरावीक जातीला बांधलेले का असावे लागते, हे याहून स्पष्ट दुसरे काही दाखवू शकत नाही.

आता नाव. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे; तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे आणि नावांची गणती स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते. प्रजातीचे नाव सगळ्या प्राणिसृष्टीत एकमेव हवे. ऑस्ट्रेलियातल्या काटेरी मुंगीखाऊला एकिडना हे नाव दिले गेले, पण ते आधीच एका सागरी माशाला दिलेले निघाले, म्हणून त्याला टॅकिग्लॉसस व्हावे लागले. वनस्पतींची संहिता वेगळी असल्याने तिथली नावे आड येत नाहीत: वड, पिंपळ आणि उंबर यांची प्रजाती फायकस आहे आणि समुद्रातल्या एका गोगलगाईची प्रजातीही फायकसच.

नावाला लिंग असते, आणि हे मराठी माणसाला लगेच समजते. हिरवा रावा, हिरवी वेल, हिरवे पान, तसेच लॅटिनमध्ये पांढऱ्याला पुल्लिंगी अल्बस, स्त्रीलिंगी अल्बा, नपुंसकलिंगी अल्बम. म्हणून एखादी जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली तर तिच्या नावाचा शेवटही बदलू शकतो. मूळ वर्णन करणाऱ्याचे नाव अशा वेळी कंसात जाते. टोमॅटोवर दिसणारा, पांढऱ्या माशीलाही खाणारा आणि भक्ष्य कमी पडले की झाडाच्याच शेंड्याला कड्या पाडणारा नेसिडिओकोरिस टेन्युइस (रॉयटर, १८९५) घ्या. कंस सांगतो की रॉयटर यांनी तो आधी दुसऱ्या प्रजातीत, सिर्टोपेल्टिसमध्ये ठेवला होता. दोन छोट्या कंसांत एवढा इतिहास मावतो.

प्रत्यक्ष लेखात काय लागते? १९३० नंतर नव्या प्रजातीच्या नावासोबत तिला इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत दिलीच पाहिजेत आणि प्रारूप जाती नेमलीच पाहिजे. नाही तर नाव गणलेच जात नाही. मराठीत "व्यवच्छेदक लक्षणे" हा फार नेमका शब्द आपल्याकडे आहे. व्यवच्छेदक लक्षणे म्हणजे संपूर्ण वर्णन नव्हे. वर्णनात डोळ्याच्या रुंदीपासून मागच्या पायाच्या काट्यांपर्यंत सगळे येते. व्यवच्छेदक लक्षणांत शेजारच्या प्रजातीपासून तोडणारी चार वाक्ये. ही चार वाक्ये लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. जाती नवी असेल तर १९९९ नंतरच्या नियमाप्रमाणे नाव धारण करणारा नमुना, बहुधा एकच होलोटाइप, नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते सांगावे लागते. भारतात असे नमुने प्रामुख्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण, नवी दिल्लीचा पुसा संग्रह किंवा बेंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संग्रह अशा ठिकाणी जातात. घरच्या कपाटात ठेवलेला होलोटाइप म्हणजे पुढच्या पिढीच्या वाटेत टाकलेला दगड. २०१२ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झालेले नावही चालते, पण त्या लेखाची झूबँक या अधिकृत नोंदवहीत आधी नोंद हवी.

संहिता नाव नियमाप्रमाणे दिले आहे का, एवढेच पाहते. प्रजाती खरी आहे का, हे ती ठरवत नाही. ते इतर अभ्यासक ठरवतात, आणि त्यांना पटले नाही तर ते नव्या नावाला जुन्या प्रजातीचे पर्यायनाव ठरवून मोकळे होतात.

हे सगळे नागपुरात बसून कशाला करायचे, असा प्रश्न मला विचारला जातो. उत्तर कपाशीच्या शेतात आहे. याच शहरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. २००२ साली बीटी कपाशी आली, बोंडअळीसाठीच्या फवारण्या काही काळ कमी झाल्या आणि त्या फवारण्यांत आपोआप मरणारे रसशोषक किडे डोके वर काढू लागले. उत्तर चीनमध्ये बीटी कपाशीनंतर मिरिड वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले; आपल्याकडे कर्नाटकातल्या कपाशीत एका मिरिडाने पात्या आणि कोवळी बोंडे शोषून गळ घडवली. हा किडा आपल्या साहित्यात क्रिऑन्टिएडिस या प्रजातीच्या नावाखाली सापडतो, तर काही लेखनात पॉपिओकॅप्सिडिया या नावाखाली. एकच नाव शोधणाऱ्याच्या हाती अर्धीच माहिती लागते. शिवाय प्रजाती बरोबर कळली की तिच्या इतर जाती कोणत्या झाडांवर राहतात, अंडी कुठे घालतात, धुऱ्यावरच्या कोणत्या तणावर वाढतात, यावरून शेतातल्या किड्याबद्दल रास्त अंदाज बांधता येतो.

एकाच जातीवर उभ्या असलेल्या प्रजातीला मात्र हा लाभ नसतो, म्हणून अशी प्रजाती मांडताना जास्तच हात आखडता घ्यावा असे माझे मत आहे. पर्याय उरला नाही आणि वृक्षावर तिची फांदी स्पष्टपणे वेगळी दिसली, तर मांडावीच. अशा लेखात शेवटाकडे पुष्कळदा दोन शब्दांची एक ओळ असते: "मादी अज्ञात". म्हणजे मिळाले ते सगळे नर, बहुधा दिव्यावर आलेले किंवा एकाच फांदीवरून पडलेले. ती ओळ खोडण्याचा मार्ग एकच, पुढच्या पावसात बाभूळ फुलली की त्याच उतारावर, त्याच झाडाखाली पुन्हा चादर धरायची, आणि या वेळी पंख न फुटलेली पिल्लेही चादरीवरून नीट वेचून घ्यायची.